रुद्र उशिरा हसतो

पूजा बोरस्तेचा भाऊ रुद्र सव्वीस वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे आणि नाटकांचं भयंकर वेड आहे. वाचता थोडंफार येतं, हिशोब अजिबात येत नाही, पण कुठल्या नाटकात कोण कुठल्या दाराने आत येतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वडील होते तोवर ते त्याला प्रयोगाला न्यायचे. ते गेल्यावर ते काम पूजाकडे आलं. महिन्यातून एकदा रविवारचा दुपारचा प्रयोग, मागची रांग, कडेच्या दोन खुर्च्या. कडेच्या अशासाठी, की मध्येच उठावं लागलं तर कुणाला त्रास नको.

नाटकात रुद्रची एक सवय होती. विनोद झाला की तो आधी शेजारपाजारच्या तोंडांकडे बघायचा. सगळे हसतायत म्हणजे आता हसायचंय, हे त्याला कळायचं, आणि मग तो पोट धरून हसायचा. तोवर बाकीचं सभागृह शांत झालेलं असायचं. एखादा जुना नट त्याचं हसू ओसरेपर्यंत थांबायचा आणि मग पुढचं वाक्य घ्यायचा. पूजाला त्याची कधी लाज वाटली नव्हती.

पूजा एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. मार्चमधल्या एका सोमवारी दुकानातले सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले होते. काउंटर सांभाळणाऱ्या मोहिनीने आदल्या दिवशीची रविवार पुरवणी आणली होती. दैनिक ‘पंचधारा’मध्ये अविनाश वडनेरे यांचं ‘रविवारची फोडणी’ हे सदर यायचं. वडनेरे सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. अर्ध्या नाशिकला त्यांनी शिकवलेलं, आणि उरलेलं अर्धं त्यांचं सदर वाचायचं.

“ऐका ना, मी तर मेले हसून,” मोहिनी म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. “‘परवा नाटकाला गेलो. माझ्या मागच्या रांगेत एक थोर रसिक बसला होता. सगळं सभागृह हसून गप्प झालं की हा सुरू व्हायचा. जणू त्याच्याकडे विनोद पोस्टाने येत होता.’”

सगळे हसले. पूजालाही हसू आलं.

“‘मध्यंतरात न राहवून वळून पाहिलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि शेजारी बसलेली ताई रुमालाने त्याची लाळ पुसतेय. अशा रसिकांसाठी सरकारने वेगळं नाट्यगृह बांधावं, अशी आमची नम्र सूचना आहे. शक्यतो गावाबाहेर, म्हणजे आवाज कुणाला...’”

मोहिनी थांबली. नवीन चष्म्याच्या वेळी रुद्र दुकानात आला होता तेव्हा तिनेच त्याला फ्रेम निवडून दिली होती. तिने पूजाकडे पाहिलं. पूजाच्या हातातला घास हातातच होता.

“पूजा, हा आपला रुद्र नाही ना गं?”

“आहे,” पूजा म्हणाली. “काल नाही, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही तिथेच होतो.”

मोहिनीने पेपर घडी करून पिशवीत कोंबला. नंतर दिवसभर ती पूजाशी नजर मिळवत नव्हती आणि दर तासाला चहा विचारत होती. पूजाने त्या दिवशी सात-आठ गिऱ्हाइकांचे डोळे तपासले आणि एकाचा नंबर तर दोनदा चुकीचा लिहिला.

संध्याकाळी तिने तरन्नुमला फोन केला. तरन्नुम शेख तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. जुन्या नाशकात राहायची, आणि साड्यांची दुकानं, क्लासेस, हॉटेलं यांची इन्स्टाग्राम-फेसबुकची पानं सांभाळायची. रुद्र तिला तन्नूताई म्हणायचा. ती तासाभरात आली, लेख वाचला आणि म्हणाली, “काय करायचं ठरवलंयस?”

“संपादकांना पत्र लिहीन म्हणते.”

“पत्र येईल पुढच्या महिन्यात, आतल्या पानावर, चार ओळी कापून. त्यांना फरक पडणार नाही, पूजा. लोक ओरडले तरच पडतो.”

पूजाने जे झालं ते साधंसरळ लिहून काढलं. रुद्र कोण आहे, तो उशिरा का हसतो, आणि त्या दिवशी ती खरंच त्याचं तोंड का पुसत होती. मध्यंतरात त्याने बटाटेवडा खाल्ला होता आणि ओठाला चटणी लागली होती. तरन्नुमने त्यातलं फारसं काही बदललं नाही. फक्त म्हणाली, “फोटो हवा.”

“फोटो कशाला?”

“चेहऱ्याशिवाय कुणी थांबत नाही गं. पुढे सरकवतात.”

रुद्रलाच विचारलं. फोटो म्हटल्यावर तो खूश झाला. वाढदिवसाचा, केकसमोर तोंड भरून हसणारा फोटो त्यानेच निवडला. खाली तरन्नुमने लिहिलं, ‘रुद्र हसणारच’. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कशाला गं घरातलं बाहेर?” पण तोपर्यंत ते टाकून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजाचा फोन गरम झालेला होता. पुण्यामुंबईच्या लोकांनी, दोन-तीन नटांनी, कुठल्या कुठल्या डॉक्टरांनी ते पुढे पाठवलं होतं. आपापल्या मुलांचे फोटो टाकून आयाबाप लिहीत होते, ‘आमची चिऊ पण हसणारच’, ‘आमचा बंटी पण’. पूजा ते वाचून रडली. ते रडणं चांगलं होतं, असं तिला आजही वाटतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला आपण एकट्या नाही असं वाटलं.

मंगळवारी पेपरला जाहिरात देणाऱ्या एका क्लासने जाहिरात थांबवली. बुधवारी संपादकांचा फोन आला, फार गोड बोलले. गुरुवारी पहिल्या पानाच्या तळाला चौकट आली, ‘या सदरातील लेखामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. सदर थांबवण्यात येत आहे.’

तरन्नुम पेढे घेऊन आली.

पण ओरडणं काही थांबलं नाही. वडनेऱ्यांचा फोन नंबर कुणीतरी टाकला. त्यांच्या बायकोचा फोटो टाकला. लोक आता रुद्रबद्दल कमी आणि वडनेऱ्यांच्या जातीबद्दल, पगाराबद्दल, पेन्शनबद्दल जास्त लिहीत होते. मग उलट बाजूने लोक उठले. विनोदाची गळचेपी झाली म्हणू लागले. त्यांनी मूळ लेखाचे फोटो फिरवले. पुरवणी वाचणाऱ्या नाशिककरांखेरीज ज्याच्या कानावर तो लेख कधी गेलाच नसता, अशा लाखो लोकांनी तो वाचला. रुद्रच्या केकसमोरच्या फोटोवर काहींनी अक्षरं चिकटवली. ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

आईने ती वाचली नव्हती. तिला ती शेजारच्या बाईने वाचून दाखवली, काळजीपोटी.

एप्रिलमध्ये एका रविवारी आई, पूजा आणि रुद्र अशी तिघं सोमेश्वरला गेली. नदीकाठी बसून मक्याचं कणीस खाताना चार-पाच पोरं-पोरी जवळ आली. चांगल्या घरची, चांगली बोलणारी.

“रुद्र ना? अरे, आम्ही तुझ्या बाजूने आहोत भाऊ!” एकाने फोन पुढे धरला. “एकदा हस ना. तुझं ते फेमस हसू. फक्त एकदा.”

रुद्रने पूजाकडे पाहिलं. मग त्या पोरांकडे पाहिलं. सगळे हसत होते, म्हणून तोही हसला.

“भारी! परत एकदा!”

“बस झालं,” पूजा म्हणाली.

“नाही ताई, सपोर्टसाठीच...”

“बस झालं म्हटलं ना!”

पोरं हिरमुसून गेली. रुद्र कणीस हातात धरून तसाच बसला. घरी येताना रिक्षात त्याने विचारलं, “ताई, माझं हसू चुकतं का?”

“नाही रे.”

“मग सगळे का बघतात?”

पूजाने रिक्षावाल्याला उगाचच वळण सांगितलं. त्या आठवड्यापासून रुद्र टीव्ही बघताना हसू आलं की तोंडावर हात ठेवू लागला. नाटकाला चल म्हटलं तर म्हणायचा, “पोट दुखतंय.”

पूजा तरन्नुमच्या घरी गेली तेव्हा तिचे वडील, इनायतचाचा, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दोघी गच्चीवर गेल्या.

“ते सगळं काढून टाक,” पूजा म्हणाली.

“आपलं काढता येईल. लोकांनी घेतलेलं कसं काढू?”

“मग टाकायचं नव्हतं.”

“फोटो तू दिलास पूजा. मी विचारलं होतं.”

“हो, दिला. कळलं नाही मला. तुला कळायला हवं होतं, तुझं कामच आहे ते.” पूजाचा आवाज चढला. “तू जिंकलीस. सदर बंद झालं. माझा भाऊ घरात तोंडावर हात ठेवून बसतो, त्याचं काय?”

तरन्नुम दोरीवरचे वाळलेले कपडे काढत राहिली. मग म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी याच माणसाने आमच्या मोहल्ल्यावर लिहिलं होतं. ईदच्या आधी. वासावर, पोरांच्या संख्येवर, सगळं हसतखेळत. अब्बांनी वाचलं, घडी केली, ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेतला. मी विचारलं, अब्बा, बंद का नाही करत? म्हणाले, बाजारभाव कुठे बघू मग?” तिने उशीचा अभ्रा घडी केला. “तेव्हा मी गप्प बसले. कोण ओरडणार होतं आमच्यासाठी? रुद्रसाठी ओरडतील हे मला माहीत होतं. म्हणून मी ओरडले. थोडं माझ्यासाठीही ओरडले असेन.”

पूजाने तो लेख वाचला होता. दर रविवारी वाचायचीच. पण कितीही आठवून पाहिलं तरी त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. तेव्हा कदाचित ती हसलीही असेल.

“मला तू का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“तू वाचलं होतंस ना,” तरन्नुम म्हणाली.

खाली उतरताना इनायतचाचांनी पूजाला थांबवून रुद्र कसा आहे विचारलं. ती ‘बरा आहे’ म्हणाली आणि निघाली. नंतर महिनाभर दोघी एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत.

मे महिन्यात मोहिनीने तिला एक व्हिडिओ दाखवला. गंगापूर रोडच्या एका कॉलनीत वडनेऱ्यांच्या फाटकाला कुणीतरी काळं फासलं होतं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘रुद्र हसणारच’. पूजाने दुपारची सुट्टी घेतली आणि स्कूटर काढली.

वडनेरे फाटकापाशीच होते. जुना शर्ट, हातात चिंधी, शेजारी टर्पेंटाइनची बाटली. सदरावरच्या फोटोतल्यापेक्षा अंगाने बरेच लहान दिसत होते. काळं निम्मं निघालं होतं. भिंतीवरची अक्षरं निघालीच नव्हती.

“मी पूजा बोरस्ते. रुद्रची बहीण.” तिने हेल्मेट काढलं. “हे आम्ही केलेलं नाही, एवढंच सांगायला आले.”

“ते मला माहीत आहे,” वडनेरे म्हणाले. “बसा ना आत.”

“नको.”

आतून त्यांच्या पत्नी आल्या, पूजाला ओळखलं, आणि एक शब्द न बोलता परत आत गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेरही आल्या नाहीत.

“रात्री फोन वाजला तरी ती दचकते,” वडनेरे म्हणाले. “लिहिलं मी, ऐकून तिला घ्यावं लागलं.”

पूजा म्हणाली, “आमच्या आईचंही तेच झालं.” मग तिला जे विचारायचं नव्हतं ते तिने विचारलं. “सर, तुम्ही मध्यंतरात वळून बघितलं होतं. तुम्हाला कळलं नव्हतं का, तो कसा आहे ते?”

वडनेरे चिंधी पिळत राहिले. “सगळ्यांना मी सांगितलं, कळलं नव्हतं. संपादकांना सांगितलं, हिलाही सांगितलं.” त्यांनी घराकडे मान केली. “कळलं होतं. वळल्याबरोबर कळलं. पण तोवर पोस्टाचं वाक्य सुचलं होतं. चांगलं वाक्य होतं ते. सोडवेना.”

समोरच्या बंगल्यात कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत आला होता.

“ती माफी माझी नव्हती,” वडनेरे म्हणाले. “ऑफिसने लिहिली. मी येऊन त्याला स्वतः सांगेन, तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“नको,” पूजा म्हणाली. “तो तुम्हाला ओळखत नाही. आधी त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल.”

त्यांनी मान हलवली. तिला वाटलं होतं, त्यांना असं बघून बरं वाटेल. तसं वाटलं नाही, आणि दयाही आली असं नाही. निघताना तिने विचारलं, “भिंतीला रंगच द्यावा लागेल का?” ते म्हणाले, “हो, उद्या माणूस येतोय.”

पुढे काय झालं ते असं. पेपरने वडनेऱ्यांच्या जागी एक तरुण लेखक घेतला. दोन महिन्यांत त्याने घरकाम करणाऱ्या बायकांवर असंच काहीतरी लिहिलं. एका संघटनेच्या बाईने तरन्नुमला गाठलं, तरन्नुमने मेहनत करून सगळं तसंच लिहून दिलं, पण या वेळी चाळीस-पन्नास माणसांपलीकडे काही गेलं नाही. तेव्हा पाऊस, मॅच आणि निवडणूक चालू होती. तो लेखक अजून लिहितो. वडनेरे दिवाळीनंतर परतले, नव्या सदरात, झाडंझुडपं आणि जुन्या नाशिकच्या आठवणी. माणसांवर ते लिहीत नाहीत. मोहिनी म्हणते, पूर्वीची मजा नाही राहिली. ते घाबरले म्हणून की त्यांना काही कळलं म्हणून, हे पूजाला सांगता येत नाही.

इनायतचाचांना मात्र दोघींचा अबोला खटकत होता. गच्चीवरचं बोलणं त्यांनी जिन्यातून ऐकलं असावं. एका रविवारी ते तरन्नुमला घेऊन बोरस्त्यांकडे आले, रुद्रसाठी शीरखुर्मा घेऊन, आणि दोघींना एका खोलीत बसवून स्वतः आईशी गप्पा मारत बसले. तेव्हापासून दोघी पुन्हा बोलू लागल्या, जरा जपून.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक फोन आला.

“पूजाताई का? मी लंकाबाई. सिन्नरकडची. नंबर लय हिंडून मिळाला तुमचा.” मागे कोंबड्यांचा आवाज होता. “तुमच्या भावाचा फोटू पाह्यला व्हता पोराच्या मोबाईलात. माझी सविता हाय ना, तशीच हाय ती. तोंडावळा शेम.”

“किती वर्षांची आहे?”

“बाविसाची. ताई, एक विचारू का? तुम्ही त्याला घेऊन बाहेर जाता, नाटकाला जाता, तर लोक काय म्हणत नाय?”

पूजाला हसावं की रडावं कळेना. लोक काय म्हणतात हे तिच्याइतकं महाराष्ट्रात कुणाला माहीत होतं? “म्हणतात,” ती म्हणाली. “सविता बाहेर जात नाही का?”

“दवाखान्यात नेलं तेवढंच. पाव्हणं आलं की मागल्या खोलीत बसवतो. माझे मालक म्हणतात, लोकांना कशाला दाखवायचं?”

पुढच्या रविवारी पूजा रुद्रला घेऊन एसटीने सिन्नरला गेली. ‘एका मुलीकडे जायचंय’ एवढंच त्याला सांगितलं होतं. त्याने स्वतःहून इस्त्रीचा शर्ट मागितला आणि त्याचं पोट दुखलं नाही.

लंकाबाईंचं घर गावाच्या कडेला, मागे टोमॅटोचं वावर. त्यांचे यजमान सावळीराम हे अबोल गृहस्थ. त्यांनी रुद्रकडे टक लावून पाहिलं. रुद्रने जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांना हात कुठे ठेवावा ते कळेना. मग डोक्यावर ठेवला. सविता मागच्या दाराआड उभी होती. घट्ट वेणी, नवा ड्रेस, आणि डोळे जमिनीला. रुद्र म्हणाला, “माझं नाव रुद्र. तुझ्याकडे कोंबड्या आहेत का?” ती काही बोलली नाही. पण जरा वेळाने त्याचा हात धरून त्याला कोंबड्यांच्या खुराड्याकडे घेऊन गेली.

जेवणं झाली. लंकाबाई वाढता वाढता सारख्या खिडकीतून त्या दोघांकडे बघत होत्या. “एवढा वेळ ती कुणाजवळ थांबत नाय,” त्या दोनदा म्हणाल्या. दुपारी सगळी मिळून गोंदेश्वराच्या देवळात गेली. सावळीराम आले नाहीत. देवळात चार बायका सविताकडे बघत राहिल्या. लंकाबाईंनी पदर तोंडाशी नेला, मग खाली सोडला, आणि सविताचा हात आणखी घट्ट धरला.

संध्याकाळी सगळे स्टँडवर आले. नाशिकची गाडी लागलेली होती. पूजा आणि रुद्र चढले, जागा मिळाली. निरोप घ्यायला म्हणून पूजा खिडकीत वाकली, तर खाली लंकाबाई एकट्याच. वळून बघते, तो सविता गाडीत, रुद्रच्या पुढच्या सीटवर, दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेली.

“सविता, उतर गं!” लंकाबाई धावत चढल्या. “बाई, उतर. गाडी चाललीय.”

“नाय,” सविता म्हणाली. दिवसभरात पूजाने ऐकलेला तिचा पहिला शब्द.

“अगं, बा वाट बघतोय.”

“नाय उतरणार.”

गाडीतले लोक बघू लागले. कुणीतरी म्हणालं, “काय झालंय?” लंकाबाईंनी सविताचं मनगट ओढलं, पण दांडा काही सुटेना. कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता. “मावशी, बसताय का उतरताय?”

लंकाबाईंनी पूजाकडे पाहिलं. पूजा म्हणाली, “आमच्याकडे जागा आहे. उद्या सकाळी मी गाडीत बसवून देईन.”

“आंगावरच्या कपड्यानिशी?”

“माझे आहेत ना.”

लंकाबाईंनी मनगट सोडलं. मग सविताला आत सरकवून तिच्या शेजारी बसल्या आणि कमरेचा मोबाईल काढला. “आवो,” त्या फोनवर मोठ्याने म्हणाल्या, “भाकरी टोपल्यात हाय. कोंबड्या कोंडून घ्या. मी अन् सविता नाशिकला चाललो.” पलीकडून काहीतरी मोठं बोलणं झालं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. “व्हय,” त्या म्हणाल्या, “बघू द्या लोकांना,” आणि कंडक्टरकडे वळून दोन तिकिटं मागितली.